हेस्टिंग्ज स्ट्रीट, मग ट्वेल्थ स्ट्रीट

जो व्हॉन बॅटल यांचं रेकॉर्डचं दुकान डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर होतं. मागच्या खोलीत त्यांनी ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. दक्षिणेतून पोटासाठी आलेले ब्लूज गायक तिथं येऊन गात. न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं बॅटल यांनी मुद्रित केली, त्यांच्या रेकॉर्ड काढल्या आणि देशभरातल्या कृष्णवर्णीयांच्या घरांत ती प्रवचनं घुमू लागली. रेव्हरंडांची चौदा वर्षांची मुलगी अरीथा चर्चमध्ये गायची. तिचा आवाजही पहिल्यांदा टेपवर घेतला तो बॅटल यांनीच. पुढं शहरानं या रस्त्यावरून द्रुतगती मार्ग न्यायचं ठरवलं आणि दुकान गेलं. १९६०मध्ये बॅटल यांनी ट्वेल्थ स्ट्रीटवर नव्यानं दुकान मांडलं. सात वर्षांनी, १९६७च्या जुलैत, तेही गेलं. काही आगीनं नेलं, काही बंबांच्या पाण्यानं. वर्षानुवर्षं जमवलेल्या टेपा जळाल्या, भिजल्या, कायमच्या मुक्या झाल्या. १९७३मध्ये बॅटल वारले.

अमेरिकेतल्या शहरी दंगलींबद्दल लिहिणारे बहुधा दुसऱ्या दुकानापासून सुरुवात करतात. ज्वाळांचे फोटो आहेत, मृतांचे आकडे आहेत, चौकशी आयोगाचा जाडजूड अहवाल आहे. पहिलं दुकान मात्र कायद्यानं गेलं. त्यासाठी ठराव झाला, निधी मंजूर झाला, निविदा निघाल्या. कुणाला अटक झाली नाही, कुणाची चौकशी झाली नाही. माझ्या मते डेट्रॉइटच्या दंगलीची गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

१९१०च्या दशकापासून १९७०पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडं आणि पश्चिमेकडं गेली. मागं राहिलं होतं ते कापसाच्या शेतातलं कर्ज, वेगळे नळ, वेगळ्या शाळा आणि झुंडीनं माणसाला झाडाला टांगण्याची दहशत. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने होते. ओतशाळेतलं, रंगकामातलं, सगळ्यात तापदायक आणि घातक काम काळ्या कामगारांच्या वाट्याला येई, पण मजुरी रोख मिळे. या शहरानं त्यांना काम दिलं. राहायला जागा मात्र द्यायची नाही, असं जणू ठरवूनच टाकलं होतं. म्हणून सगळी माणसं ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या दोन लगतच्या वस्त्यांत कोंबली गेली. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. लाकडी घरं जुनी, गळकी, भाडं अवाच्या सवा. तरी त्याच रस्त्यावर काळ्या डॉक्टरांचे दवाखाने होते, औषधांची दुकानं, हॉटेलं, नाचगाण्याचे क्लब, केशकर्तनालयं आणि चर्च होती. बाहेर कुठंही मागच्या दारानं आत घेतला जाणारा माणूस या रस्त्यावर गिऱ्हाईक म्हणून पुढच्या दारानं आत जात असे.

या कोंडीला सरकारी शिक्का बसला तो १९३०च्या दशकात. मंदीत बुडालेल्या घरमालकांना वाचवण्यासाठी रूझवेल्ट सरकारनं १९३३मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, पुढच्या वर्षी गृहकर्जाची हमी देणारं फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन आलं. शहराशहराचे नकाशे रंगवले गेले. हिरवा भाग सर्वांत भरवशाचा, मग निळा, मग पिवळा आणि शेवटी लाल. जिथं काळी कुटुंबं राहत तो भाग जवळपास ठरूनच लाल. हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नियमावलीनंच वंशांची सरमिसळ होऊ देऊ नका, असं बजावलं होतं. डेट्रॉइटच्या एट माइल रोडजवळ एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती असल्यानं त्याला हमी मिळेना. १९४१मध्ये त्यानं मधोमध सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे.

याचा हिशेब पिढ्यांत मोजावा लागतो. बापानं कर्ज काढून घेतलेलं घर पुढं मुलीच्या शिक्षणाला, मुलाच्या धंद्याला आणि म्हाताऱ्यांच्या आजारपणाला कसं उपयोगी पडतं, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगायला नको. युद्धानंतर गोऱ्या कामगाराला स्वस्त व्याजानं उपनगरात घर मिळालं. त्याच कारखान्यात, त्याच पाळीत काम करणारा काळा कामगार भाडं भरत राहिला.

जे बाहेर पडायचा प्रयत्न करत, त्यांना झुंडी भेटत. आज आपण शहरी दंगल म्हणताना ज्याचं चित्र डोळ्यांपुढं आणतो, त्याच्या आधीच्या अर्धशतकात अमेरिकेतल्या दंगली बहुतांशी गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर केलेल्या चढाया होत्या. १९१७ ईस्ट सेंट लुई, १९१९ शिकागो, १९२१ टल्सा. टल्सात पस्तीस चौकांची भरभराटलेली वस्ती बेचिराख झाली. डेट्रॉइटमध्ये १९४३च्या जूनमध्ये बेल आइल बेटावरच्या मारामारीतून दंगल भडकली. ३४ माणसं मेली, त्यांतली २५ काळी. या पंचविसांपैकी १७ जण पोलिसांच्या हातून मेले. पोलिसांनी मारलेल्यांत गोरा एकही नव्हता. हा आकडा शहर विसरलं असेल, ट्वेल्थ स्ट्रीटवर राहायला गेलेल्या बायाबापड्या विसरल्या नव्हत्या.

त्या तिथं गेल्या कशा? १९४९च्या कायद्यानं झोपडपट्टी निर्मूलनाला आणि १९५६च्या कायद्यानं महामार्गांना केंद्राचा पैसा मिळू लागला. महामार्गाच्या खर्चातला नव्वद टक्के वाटा वॉशिंग्टन उचलणार होतं. मार्ग कुठून न्यायचा, हे अर्थातच स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती होतं. १९५०मध्ये महापौर झालेले अल्बर्ट कोबो गोऱ्या वस्त्यांत सरकारी घरकुलं होऊ देणार नाही, या आश्वासनावर निवडून आले होते. त्यांच्या काळात ब्लॅक बॉटमवर बुलडोझर फिरला. हजारो कुटुंबं उठवली गेली. पुनर्वसनाच्या नावानं बहुतेकांच्या हाती काही पडलं नाही, कारण बहुतेक भाडेकरू होते. मोकळी केलेली जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, तिच्यावर रानगवत माजलं. मग तिथं मीस व्हान डर रोह या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पीनं आखलेलं लाफायेट पार्क उभं राहिलं. देखणी वसाहत, पण उठवलेल्यांना न परवडणारी. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवे खोल चरातून वाहू लागला. आता त्याचाच एक तुकडा बुजवून साधा रस्ता करण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२मध्ये दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली आहे. मोकळी होणारी जमीन कुणाची, हा प्रश्न ब्लॅक बॉटमच्या नातवंडांनी लगेच विचारला.

उठवलेली माणसं ट्वेल्थ स्ट्रीटच्या आसपास गेली. पूर्वी ज्यूंची असलेली ही वस्ती झपाट्यानं बदलली. मोठी घरं कापून त्यांच्या लहान खोल्या झाल्या. लोकसंख्येची दाटी शहराच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. त्याच काळात कारखाने शहर सोडून चालले होते. इतिहासकार थॉमस सुग्रू यांनी हिशेब मांडला आहे. १९४७ ते १९६३ या वर्षांत डेट्रॉइटनं कारखान्यांतल्या सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गमावल्या. नवे कारखाने उपनगरात, जिथं काळ्या माणसाला घर मिळत नसे. शेवटी घेतलेल्याला आधी काढायचं, या नियमानं पहिली कुऱ्हाड कुणावर पडली हे उघड आहे. म्हणजे दंगलीनं डेट्रॉइट बुडालं, हे जे अजून ऐकू येतं, त्यातला कालक्रमच उलटा आहे. शहराची लोकसंख्या १९५०मध्ये साडेअठरा लाख होती, १९६०मध्ये ती पावणेसतरा लाखांपर्यंत उतरली होती. तेव्हा एकही काच फुटली नव्हती.

आणि पोलीस. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय चाळीस टक्क्यांच्या घरात होते, पोलीस दलात पाच टक्क्यांच्या आसपास. चौघाचौघांच्या गस्ती मोटारी वस्त्यांतून फिरत. लोक त्यांना ‘बिग फोर’ म्हणत. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोरांना थांबवायचं, शिवी हासडून नाव विचारायचं, भिंतीला लावून झडती घ्यायची. बापाला मुलांसमोर ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारायची. दिवसागणिक सोसलेल्या या अपमानाची नोंद कुठल्याही सरकारी वहीत झाली नाही. एवढं असूनही १९६७पर्यंत डेट्रॉइट देशाला आदर्श शहर म्हणून दाखवलं जात होतं. तरुण महापौर जेरोम कॅव्हाना यांनी केंद्राकडून गरिबी निर्मूलनाचा मोठा निधी आणला होता. १९६३मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चात वुडवर्ड अॅव्हेन्यूवरून लाखाहून अधिक माणसं शांतपणे चालली होती. इथं काही होणार नाही, यावर वरच्यांचा विश्वास बसला होता.

रविवार, २३ जुलै १९६७. पहाटेचे पावणेचार. ट्वेल्थ स्ट्रीट आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बिनपरवान्याचा गुत्ता चालत असे. त्या रात्री तिथं काही सैनिकांसाठी पार्टी होती. त्यांतले दोघे नुकतेच व्हिएतनामहून परतले होते. छापा घालणाऱ्या पोलिसांना वाटलं होतं, दहावीस माणसं असतील. निघाली ऐंशीहून जास्त. एवढ्यांना न्यायला गाड्या नव्हत्या. एक तास गेला. उकाड्यानं बाहेर बसलेली माणसं जमत गेली, पाहता पाहता जमाव दोनशेच्या घरात गेला. पोलिसांनी कुणाला ढकललं, कुणाला लाथ मारली, अशा बातम्या गर्दीतून सरकू लागल्या. शेवटची गाडी निघता निघता एक रिकामी बाटली भिरभिरत आली आणि पोलीस मोटारीची मागची काच फुटली.

दुपारी खासदार जॉन कॉनियर्स भोंगा घेऊन मोटारीच्या टपावर चढले. ते याच भागाचे, काळ्या समाजाचे, पोलिसी जुलमाविरुद्ध बोलणारे. लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही. दुकानदारांनी काचांवर ‘सोल ब्रदर’ असं लिहून आपण काळ्यांपैकीच आहोत, असं सांगायचा प्रयत्न केला. काही दुकानं त्यानं वाचली, बरीच वाचली नाहीत. वारा जोरात होता. दुकानांना लावलेली आग मागच्या घरांवर गेली आणि ज्यांचा कशाशी संबंध नव्हता त्यांची घरं पेटली. काही गल्ल्यांत रहिवाशांनीच बंबवाल्यांना संरक्षण दिलं. रोझा पार्क्स, मॉन्टगमरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या, याच परिसरात राहत होत्या. त्यांचे पती जिथं न्हाव्याचं काम करत ते दुकानही लुटलं गेलं. या सगळ्याला कुणी उठाव म्हणून गौरवावं हे मला जमत नाही. पण जळणाऱ्या दुकानाकडं बघून मूळ प्रश्न विझवून टाकणंही जमत नाही.

पाच दिवसांत ४३ माणसं मेली. ३३ काळी, १० गोरी. ७,२०० हून अधिक लोकांना अटक झाली. कोठड्या भरल्या तेव्हा माणसं बसगाड्यांत, पोलिसांच्या गॅरेजमध्ये आणि बेल आइलच्या स्नानगृहांत डांबली गेली. किरकोळ चोरीच्या आरोपावर दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त जामीन मागितला गेला. बहुतेक मृत्यू पोलिसांच्या आणि नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी झाले. गार्डमधले जवळजवळ सगळे गोरे, लहान गावांतले, घाबरलेले. एका घरात कुणी सिगारेट पेटवली, ती ठिणगी बंदुकीची समजून गार्डनं मशिनगन चालवली आणि आतली चार वर्षांची मुलगी मेली. याच शहराच्या पूर्व भागात केंद्रानं धाडलेले छत्रीधारी सैनिक उतरले. त्यांत काळे सैनिक पुष्कळ होते, व्हिएतनाम पाहून आलेले होते. त्यांचे सेनापती थ्रॉकमॉर्टन यांनी बंदुकांतल्या गोळ्या काढून ठेवा, असा हुकूम दिला. २,७०० सैनिकांनी सगळ्या काळात मिळून २०१ गोळ्या झाडल्या. तो भाग काही तासांत शांत झाला. दंगलखोर गोळीशिवाय ऐकत नाहीत, असं सांगणाऱ्या प्रत्येकासमोर मी हा एक आकडा ठेवीन.

२६ जुलैच्या पहाटे अल्जिअर्स मोटेलमध्ये तीन निःशस्त्र काळे तरुण पोलिसांच्या छाप्यात मारले गेले. बाकीच्यांना भिंतीला उभं करून मारहाण झाली. जॉन हर्सी यांनी वर्षभरात त्यावर पुस्तक लिहिलं. खटले चालले. एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही.

डेट्रॉइट फ्री प्रेस या वृत्तपत्रानं त्या उन्हाळ्यात पत्रकारितेनं काय करायला हवं ते दाखवून दिलं. बातमीदारांनी ४३ मृत्यूंपैकी प्रत्येकाचा माग काढला आणि बहुसंख्य माणसं मरायला नको होती, असं पुराव्यानिशी छापलं. त्यांना पुलित्झर मिळालं. गच्च्यांवर दडलेल्या बंदूकधाऱ्यांच्या ज्या कथा रोज पसरत होत्या, त्यांतल्या बहुतेक पोकळ निघाल्या. पोलिसांच्या आणि गार्डच्याच गोळ्यांचे आवाज एकमेकांना घाबरवत होते. त्याच वृत्तपत्रासाठी फिलिप मेयर यांनी वस्तीत घरोघर पाहणी करून उत्तरं संगणकावर तपासली. तोवर दोन समजुती प्रचलित होत्या. एक, दंगा अडाणी आणि वाया गेलेल्यांनी केला. दुसरी, दक्षिणेतून आलेल्या, शहरात न रुळलेल्यांनी केला. पाहणीत दोन्ही खोट्या ठरल्या. कॉलेजात गेलेले आणि शाळा सोडलेले सारख्याच प्रमाणात सामील होते. उत्तरेत वाढलेल्यांचं प्रमाण दक्षिणेतून आलेल्यांहून बरंच जास्त होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दक्षिणेतून आलेल्या बापानं मागचा नरक पाहिलेला होता, त्याला डेट्रॉइट सुटका वाटत होती. इथंच जन्मलेल्या मुलानं शाळेत समतेची शपथ म्हटली होती आणि त्याची तुलना रस्त्यापलीकडच्या गोऱ्या मुलाशी होती. तक्रारींच्या यादीत पहिली होती पोलिसांची मारहाण, मग दाटीवाटी, वाईट घरं, नोकऱ्यांचा अभाव.

दंगल धगधगत असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो केर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९६७च्या पहिल्या नऊ महिन्यांत देशात १६४ ठिकाणी उद्रेक झाले होते. न्यूअर्कमध्ये २६ माणसं मेली होती. तिथंही ठिणगी काळ्या टॅक्सीचालकाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीची होती आणि मागं वैद्यकीय महाविद्यालयासाठी काळी वस्ती उठवण्याची योजना होती. अकरा सदस्यांच्या त्या आयोगात दोनच काळे होते, जहाल म्हणावा असा एकही नव्हता. तरीही १९६८च्या फेब्रुवारीअखेर बाहेर आलेल्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की काळ्यांची ही वेगळी वस्ती गोऱ्या संस्थांनी निर्माण केली, त्याच ती टिकवतात आणि देश दोन विषम समाजांत फुटत चालला आहे. वीस लाख नोकऱ्या, साठ लाख घरं, नवी पोलीस भरती, वृत्तपत्रांत काळे पत्रकार, अशा शिफारशी होत्या. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी साक्षीतच आयोगाला सावध केलं होतं. १९१९चा शिकागोचा अहवाल, १९३५चा हार्लेमचा, १९६५चा वॉट्सचा, सगळे आपण वाचले आहेत, निदान तेच, उपाय तेच आणि कृती शून्य. जॉन्सन यांनी अहवालाचं स्वागत केलं नाही. पैसा व्हिएतनाममध्ये जात होता. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली, शंभराहून अधिक शहरं पेटली. त्या धक्क्यात घरांच्या व्यवहारात वंशभेदाला मनाई करणारा कायदा आठवडाभरात झाला. पण त्याच वर्षी पोलिसांच्या शस्त्रसामग्रीला केंद्राचा निधी देणारा कायदाही झाला आणि अंमल झाला तो मुख्यतः या दुसऱ्या कायद्याचा.

या आगीची धग मुंबईपर्यंत आली होती. कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या शेजारी शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडं जाणाऱ्या निग्रो समाजाच्या अर्जाची प्रत मागवली होती. नंतरची पिढी अर्जांच्या पलीकडं गेली. पोलिसांच्या गस्तीवर पाळत ठेवण्यासाठी १९६६मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याचं नाव घेऊन १९७२मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर काढली. त्यांच्याही संतापामागं एक सरकारी अहवाल होता. अस्पृश्यांवरच्या अत्याचारांची नोंद करणारा, संसदेत ठेवला गेलेला आणि तसाच पडून राहिलेला एलिया पेरुमल समितीचा. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली तेव्हा पँथरच्या तरुणांनी पोलिसांबद्दल जे सांगितलं, ते ट्वेल्थ स्ट्रीटवरच्या माणसाला दुभाष्याशिवाय कळलं असतं.

डेट्रॉइटची किंमत पुढं कुणी मोजली? विल्यम कॉलिन्स आणि रॉबर्ट मार्गो या अर्थशास्त्रज्ञांनी देशभरच्या शहरांचे आकडे तपासले. जिथं मोठ्या दंगली झाल्या तिथं काळ्या कुटुंबांच्या मालकीच्या घरांच्या किमती घसरल्या आणि पुढच्या दशकातही सावरल्या नाहीत. विमा कंपन्यांनी हात आखडते घेतले, विम्याशिवाय बँक कर्ज देईना, कर्जाशिवाय दुकान उभं राहीना. ट्वेल्थ स्ट्रीटवरच्या जळक्या जागा वर्षानुवर्षं मोकळ्या राहिल्या. गोऱ्यांचं स्थलांतर आधीच चालू होतं, त्याला आता पूर आला. करदाते गेले, शाळा राहिल्या. काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून शहर आणि ५३ उपनगरी शाळा-जिल्हे मिळून मुलांची विभागणी व्हावी, असा आदेश कनिष्ठ न्यायालयानं दिला होता. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी कडक भाषेत विरोधी मत नोंदवलं. शहराची हद्द आता भिंतीचं काम करू लागली.

पोलिसांनी १९७१मध्ये ‘स्ट्रेस’ नावाचं साध्या वेशातलं पथक काढलं. त्यानं वीसहून अधिक माणसं मारली, बहुतेक काळी. त्याविरुद्धच्या संतापावर स्वार होऊन १९७३मध्ये कोलमन यंग शहराचे पहिले काळे महापौर म्हणून निवडून आले. त्यांनी पथक बंद केलं, दलात काळ्यांची भरती केली. १९६८मध्ये डॉजच्या कारखान्यात काळ्या कामगारांनी स्वतःची क्रांतिकारी संघटना उभी केली होती. एका पाद्र्यानं आणि एका गृहिणीनं ‘फोकस : होप’ ही संस्था सुरू केली, ती आजही अन्न आणि तंत्रशिक्षण देते. पराभवाच्या कथेत हे सगळं नेहमी गाळलं जातं. पण सत्ता हाती आली तेव्हा तिजोरीत फारसं उरलं नव्हतं. १९५०मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं शहर २०२०च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजारांवर आलं.

२०१३मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. निवडून आलेल्यांच्या हातून कारभार निघून राज्यानं नेमलेल्या प्रशासकाकडं गेला. पुढच्या वर्षी थकबाकीदारांच्या नळजोडण्या हजारोंनी तोडल्या गेल्या. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार कर आकारण्यासाठी घराचं मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाही. मंदीनंतर डेट्रॉइटमध्ये घरांचे भाव कोसळले, पण नगरपालिकेच्या वहीत जुनेच चढे आकडे राहिले. सगळ्यांत जास्त फुगवलेले आकडे सगळ्यांत स्वस्त घरांचे होते. अर्धशतकाहून अधिक काळानंतर शहरभर नवं मूल्यांकन पूर्ण झालं ते २०१७मध्ये. डेट्रॉइट न्यूजनं २०२०मध्ये छापलेल्या तपासानुसार २०१०पासूनच्या काही वर्षांत घरमालकांकडून किमान साठ कोटी डॉलर जास्तीचे घेतले गेले. कर थकला म्हणून हजारो घरं जप्त होऊन लिलावात गेली. त्यांतली कितीतरी अशा काळ्या कुटुंबांची होती ज्यांनी भाड्याच्या खोल्यांतून निघून, १९६८च्या कायद्यानंतर, घराण्यातलं पहिलं घर घेतलं होतं. जादा घेतलेला कर परत मिळावा, यासाठी ही माणसं अजून नगरपरिषदेच्या सुनावण्यांना जातात, हातात जुन्या पावत्या घेऊन.